डोरा हे नाव कुणाचं? बायकांच्या मनावरच्या उपचारांचा एक इतिहास

मागच्या भाषणात आपण वेड्यांच्या इस्पितळांबद्दल बोललो. भिंती, कुलपं, वॉर्ड, सगळं झालं. आज त्या भिंतींच्या आत जायचं नाहीये. आज एक साधी खोली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात दोन माणसं आहेत, एक डॉक्टर आणि एक बाई. बाई बोलतेय आणि डॉक्टर ऐकतोय. आता ऐकतोय म्हणजे नक्की काय करतोय, हाच आजचा विषय.

सुरुवात एका नावापासून करते. मनोविश्लेषण ज्यांनी थोडंफार वाचलंय त्यांना 'डोरा' माहीत असेल. फ्रॉइडने १९०५ साली जी केस प्रसिद्ध केली त्यातली ही मुलगी. तिचं खरं नाव इडा बाउअर, जन्म १८८२, व्हिएन्ना. वडील कापडगिरणीचे मालक. भाऊ ऑटो बाउअर, जो पुढे ऑस्ट्रियातल्या समाजवादी पक्षाचा मोठा पुढारी झाला आणि काही महिने परराष्ट्रमंत्रीही होता. भावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात जसंच्या तसं आलं. बहिणीचं मात्र बदलून आलं.

पेशंटचं नाव बदलावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'डोरा'च का? हे फ्रॉइडने स्वतःच एका दुसऱ्या पुस्तकात सांगून ठेवलंय. त्याच्या बहिणीकडे मुलं सांभाळायला एक बाई होती. तिचं नाव रोझा. पण मालकिणीचंही नाव रोझाच. एका घरात दोन रोझा कशा चालतील? मग नोकर बाईने आपलं नाव सोडलं आणि ती 'डोरा' झाली. गरिबांना स्वतःचं नावसुद्धा ठेवता येत नाही, याचं फ्रॉइडला वाईट वाटलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी, जिला स्वतःचं नाव ठेवता येणार नाही अशा पेशंटसाठी नाव शोधताना त्याला तेच एक नाव सुचलं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यात सुनेचं नवं नाव लिहितात. तो विधी ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही गोष्ट फार परकी वाटू नये.

तर ही इडा अठराव्या वर्षात असताना, १९००च्या ऑक्टोबरमध्ये, वडिलांनी तिला फ्रॉइडकडे नेलं. वडील स्वतः आधी त्याचे पेशंट होते. मुलीला खोकला येतो, मधेच आवाज बसतो, जीव देते अशी चिठ्ठी तिने लिहून ठेवलीय. डॉक्टर, हिला जरा ताळ्यावर आणा. आता घरातली हकीकत ऐका. वडिलांचं एका विवाहित बाईशी प्रकरण चालू होतं. या बाईच्या नवऱ्याला फ्रॉइड 'हेर के.' म्हणतो, आपण नुसतं 'के.' म्हणू. या के.ने मुलगी चौदा वर्षांची असताना दुकानात एकटी गाठून तिचं चुंबन घेतलं. सोळाव्या वर्षी तळ्याकाठी फिरायला गेलेली असताना पुन्हा लगट केली. तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन सगळं सांगितलं. के. म्हणाला, मी असं काही केलंच नाही. वडिलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पोरीच्या मनाचे खेळ म्हणून विषय मिटवला. इडाचं म्हणणं असं होतं की बाबांच्या भानगडीकडे के.ने काणाडोळा करावा, म्हणून त्याच्यापुढे मला ठेवलंय.

फ्रॉइडचं मोठेपण आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. तळ्याकाठी जे झालं ते खरंच झालं, हे त्याने मानलं. वडील आपल्या सोयीचं बोलतायत हेही ओळखलं. पण इथवर आल्यावर तो विचारतो काय? तुला किळस का आली? त्याच्या मते धडधाकट मुलीला अशा वेळी सुख वाटायला हवं होतं. किळस वाटली म्हणजे हिस्टेरिया. तू मनातून के.वर प्रेम करतेस आणि ते दाबून टाकतेस, असा त्याने अर्थ लावला. तिने 'नाही' म्हटलं की तो त्या 'नाही'तही दडपलेला 'हो' ऐकायचा. आता अशा माणसासमोर नाही म्हणायचं तरी कसं? तिने वाट काढली. ३१ डिसेंबर १९०० रोजी, साधारण अकरा आठवड्यांनी, तिने सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही. फ्रॉइडला हे एखाद्या मोलकरणीने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी तसं वाटलं, असं तो लिहितो. म्हणजे मोलकरीण पुन्हा आलीच.

पण मला या केसमधला सगळ्यांत महत्त्वाचा भाग उपचार संपल्यानंतरचा वाटतो. मधल्या काळात के. कुटुंबात एक मूल वारलं. इडा भेटायला गेली आणि तिथे तिने दोघांनाही तोंडावर विचारलं. बाईने वडिलांशी असलेले संबंध नाकारले नाहीत. के.ने तळ्याकाठचा प्रकार कबूल केला. हे तिने घरी येऊन सांगितलं. बघा, एवढंच हवं होतं तिला: झालं ते झालं, असं कुणीतरी म्हणावं. मग १९०२च्या एप्रिलमध्ये ती फ्रॉइडकडे पुन्हा मदत मागायला आली. ही खरी कळकळीने आलेली नाही, असं त्याने तिच्या चेहऱ्यावरून ठरवलं. आणि आपल्याला पूर्ण बरं करण्याचं समाधान तिने मिळू दिलं नाही, याबद्दल तिला माफ करण्याचं आश्वासन दिलं. माफ! असो.

याच्याही आधीची एक बाजू आहे. १८९६ साली व्हिएन्नात डॉक्टरांच्या सभेत याच फ्रॉइडने एक निबंध वाचला होता. १८ पेशंटांच्या आधारावर तो म्हणाला की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. सभेच्या अध्यक्षस्थानी क्राफ्ट-एबिंग होते. त्यांनी याला शास्त्रीय परीकथा म्हटलं. पुढच्याच वर्षी, १८९७च्या सप्टेंबरमध्ये, फ्रॉइडने मित्राला पत्र लिहून कळवलं की माझाच माझ्या सिद्धान्तावर विश्वास राहिलेला नाही. कारणं बरीच दिली. त्यातलं एक असं की हे खरं मानलं तर घरोघरीच्या बापांवर आरोप करावा लागेल. पुढे ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२च्या आपल्या पुस्तकात इथेच बोट ठेवलं. बायकांनी सांगितलेली घटना तिथे बाजूला पडली आणि तिच्या जागी बायकांची कल्पना आली, असं त्यांचं म्हणणं. इतिहासकारांत यावर वाद आहेत आणि ते असावेतही. पण डोराची केस वाचली की हर्मनबाईंचं म्हणणं सहज झटकता येत नाही.

'हिस्टेरिया' हा शब्द ग्रीकमधल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलाय. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या जुन्या ग्रंथांत कुमारिकांच्या अशा दुखण्यावर इलाज सांगितलाय: लवकर लग्न लावून द्या. (हशा) हसू नका. माझ्या लहानपणी वाड्यात एका मुलीला फिट यायच्या, आणि अख्ख्या वाड्याने हाच सल्ला दिला होता. वाड्यातल्या कुणी हिपोक्रेटिस वाचलेला नव्हता.

बोलून बरं वाटतं, ही कल्पना कुणाची, माहितीये? डॉक्टरची नाही. फ्रॉइडचा ज्येष्ठ सहकारी ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात एका तरुण मुलीवर उपचार करत होता. पुस्तकात तिचं नाव 'अ‍ॅना ओ.' आहे. आपण हे जे बोलतो त्याला 'टॉकिंग क्युअर' म्हणू या, असं तिनेच सुचवलं. गमतीने ती त्याला धुराडं साफ करणंही म्हणायची. म्हणजे गेल्या सव्वाशे वर्षांतल्या सगळ्या बोलण्याच्या उपचारांचं बारसं एका पेशंट मुलीने केलंय. ब्रॉयरच्या उपचारांनी ती बरी झाली असं पुस्तकात सूचित केलंय, पण नंतर तिला कितीदा तरी दवाखान्यांत ठेवावं लागलं. मग मात्र ती उभी राहिली. तिचं खरं नाव बेर्टा पापेनहाइम. तिने मेरी वॉलस्टनक्राफ्टच्या स्त्रियांच्या हक्कांवरच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं. १९०४ साली ज्यू स्त्रियांची संघटना काढली. मुलींच्या विक्रीविरुद्ध लढली आणि कुमारी मातांसाठी घर चालवलं. तिला कशाने बरं केलं हे मी सांगू शकत नाही. पण तिने नंतर आयुष्यभर काय केलं हे नोंदलेलं आहे.

मधली साठ वर्षं मी भरभर ओलांडते. कॅरेन हॉर्नायने १९२०च्या दशकातच फ्रॉइडला लेखी विरोध केला. बायकांना हेवा वाटत असेल तर तो पुरुषाच्या शरीराचा नसून त्याला मिळणाऱ्या मोकळिकीचा असेल, असा तिचा रोख होता. तिला फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आता १९७०वर येऊ. ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ७९ मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक घेतले. त्यांत ४६ पुरुष आणि ३३ बायका. त्यांना स्वभावाच्या १२२ जोड्यांची यादी दिली: एका टोकाला स्वतंत्र, दुसऱ्या टोकाला परावलंबी, अशा. एका गटाला सांगितलं, मानसिकदृष्ट्या निरोगी पुरुष कसा असतो ते खुणा करून दाखवा. दुसऱ्या गटाला विचारलं निरोगी बाईबद्दल. तिसऱ्याला नुसतं निरोगी प्रौढ माणसाबद्दल. निरोगी पुरुष आणि निरोगी माणूस जुळले. निरोगी बाई मात्र वेगळी निघाली. ती जास्त नमती, कमी स्वतंत्र, पटकन प्रभावाखाली येणारी, लहानसहान प्रसंगी गडबडून जाणारी, लवकर मन दुखावणारी, आणि गणित-विज्ञानाची नावड असलेली. थोडक्यात, बाई म्हणून निरोगी असाल तर माणूस म्हणून थोड्या आजारी, आणि माणूस म्हणून धड असाल तर बाई म्हणून बिघडलेल्या. आणि हो, खुणा करणाऱ्या बायका-तज्ज्ञांची उत्तरं पुरुषांपेक्षा वेगळी नव्हती. पेशंटच्या समोर डॉक्टर म्हणून बाई बसवली की प्रश्न सुटतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच सुमारास नेओमी वाइसस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईने लिहिलं की बायका खरोखर कशा असतात याबद्दल मानसशास्त्राला काहीच ठाऊक नाही, कारण ते परिस्थितीकडे बघतच नाही. हार्वर्डमध्ये शिकताना तिला प्रयोगाचं यंत्र वापरू दिलं नव्हतं, का तर ती ते मोडेल. मुलगे ते मोडतच होते, पण तो भाग वेगळा. आणि १९७० साली मायामीला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात फिलिस चेस्लर उभी राहिली आणि म्हणाली: मानसोपचारांनी बायकांचं जे नुकसान केलंय त्याची भरपाई म्हणून दहा लाख डॉलर द्या. सभागृहात बरेच जण हसले. दोन वर्षांनी बायका आणि वेड या विषयावरचं तिचं पुस्तक आलं, तेव्हा हसणं थोडं कमी झालं. तिचे सगळेच निष्कर्ष टिकले असं नाही. पण वेडी कुणाला म्हणायचं हे ठरवतं कोण, हा तिचा प्रश्न टिकला.

इथे एक अडचण आली आणि ती फार खरी आहे. अमेरिकेत त्या काळी बायका घरोघरी छोटे गट करून बसत आणि स्वतःचं आयुष्य एकमेकींना सांगत. डाव्या चळवळीतले पुरुष म्हणायचे, हे काय, हे तर थेरपीचे गट आहेत. त्यावर १९६९ साली कॅरल हॅनिशने एक टिपण लिहिलं. 'जे व्यक्तिगत तेच राजकीय' हे शीर्षक त्याला पुढे संपादकांनी दिलं आणि ते जगभर गेलं. घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण ते टिपण कशाविरुद्ध होतं हे बहुतेक विसरलेत. ते थेरपी या शब्दाविरुद्ध होतं. तिचं म्हणणं, थेरपी म्हणजे कुणीतरी आजारी आहे आणि तिच्यासाठी स्वतःपुरता इलाज आहे असं गृहीत धरणं. आम्ही आजारी नाही, आमची परिस्थिती बदलायला हवी.

मग स्त्रीवादी थेरपी हा शब्दच उलटा नाही का? ज्या बायका हे काम करत होत्या त्यांना हा प्रश्न रोज छळत होता. कारण परिस्थिती बदलेल तेव्हा बदलेल, समोरच्या बाईला आज रात्री झोप येत नाहीये. १९७६ साली लंडनमध्ये लुईझ आयकेनबाउम आणि सूझी ऑर्बाख यांनी विमेन्स थेरपी सेंटर काढलं ते या पेचातूनच. मार्ग असा निघाला की उपचार करायचे, पण तटस्थपणाचा आव आणायचा नाही. मारहाण झाली असेल तर तिला मारहाण म्हणायचं, 'पतिपत्नींतला विसंवाद' नाही. आणि बाईचं दुखणं तिच्या आत शोधण्याआधी तिच्या आजूबाजूला बघायचं.

बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघी बलात्कारानंतर आलेल्या बायकांना तिथल्या तिथे भेटायच्या. १९७४ साली त्यांनी ९२ जणींची नोंद प्रसिद्ध केली. त्यात एक गोष्ट होती जी कोर्टांना माहीत असायला हवी होती. सगळ्याच बायका रडत-ओरडत येत नाहीत. कितीतरी अगदी शांत, सपाट चेहऱ्याने बसलेल्या असतात. आता आपल्या महाराष्ट्रातलं देसाईगंज आठवा. १९७२ साली पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आणि कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. डोराला किळस का आली, हिला ओरडावंसं का वाटलं नाही. ऐंशी वर्षं गेली, खंड बदलला, तरी बाईने कसं वागायला हवं होतं हे तिसराच कुणीतरी सांगतोय. त्या निकालावर १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं आणि १९८०मध्ये मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप उभा राहिला, हे तुमच्यापैकी काही जणींना आठवत असेल. काही जणी तिथे असालही.

एक गमतीचा, पण गंभीर प्रसंग सांगायलाच हवा. १९८५च्या सुमारास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या अधिकृत यादीत एक नवा विकार घालायचं ठरवलं. त्याची लक्षणं: स्वतःला त्रास होईल अशी माणसं निवडणं, मदत नाकारणं, कुणी न मागता दुसऱ्यासाठी झिजणं. याला स्वपीडनाचा व्यक्तिमत्त्वविकार म्हणायचं. आपल्याकडे याला एक सुंदर शब्द आहे: सोशिक. लग्नाच्या बोलणीत मुलीचा गुण म्हणून सांगतात. जो गुण आयुष्यभर कौतुक करून अंगी बाणवायचा, तोच दवाखान्यात गेल्यावर रोग! लिनोर वॉकर, पॉला कॅप्लन आणि इतर बायकांनी जोरदार विरोध केला. नवऱ्याच्या भीतीने गप्प राहणाऱ्या बाईला हा शिक्का बसेल आणि मार खाणं तिच्याच स्वभावाचा दोष ठरेल, असं त्यांनी दाखवून दिलं. १९८७च्या आवृत्तीत तो विकार नाव बदलून परिशिष्टात ढकलला गेला आणि १९९४च्या आवृत्तीत नाहीसा झाला. कॅप्लनने एका सहकारिणीसोबत उलट प्रस्ताव दिला होता की इतरांवर सतत वर्चस्व गाजवण्याचाही एक विकार यादीत घाला. तो मात्र घेतला गेला नाही. (हशा)

आता भारताकडे येते. आपल्याकडे या कामाची सुरुवात दवाखान्यापेक्षा पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या आसपास झाली. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसणार, ही त्या वेळी नवी गोष्ट होती. पण आपला शब्द बघा: समुपदेशन. त्यात 'उपदेश' बसलेलाच आहे. आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही समुपदेशन म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणं, असंच समजतात. ज्याने मारलं त्याच्याच शेजारी बसून तिने काय सांगावं?

दुसरी एक चूक स्त्रीचळवळीकडूनही झाली. ती दाखवली भार्गवी दावर यांनी. पुण्यात १९९९ साली त्यांनी बापू ट्रस्ट सुरू केला आणि त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी पाहण्या तपासून दाखवलं की नैराश्य, चिंता असे नेहमी आढळणारे त्रास बायकांत जास्त दिसतात आणि त्यांचा संबंध जगण्याच्या परिस्थितीशी आहे. तीव्र मनोविकारांत मात्र तसा फरक नाही. म्हणजे सगळं वेड हे बंड आहे, असं म्हणून भागत नाही. ज्या बाईला खरंच आवाज ऐकू येतात, तिला चळवळीनेही बाजूला ठेवलं. आणि दुसरीकडे कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी हे नवऱ्याच्या हातातलं हत्यार होऊ शकतं. दावर दोन्ही आघाड्यांवर बोलल्या, आणि म्हणून दोन्हीकडच्यांना थोड्या अडचणीच्या वाटल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

आणि शेवटी वांद्र्याचं भाभा रुग्णालय. महापालिकेचं, म्हणजे केसपेपर, रांग, गर्दी, सगळं तुमच्या ओळखीचं. इथे २००० साली महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. विचार असा की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे किंवा संस्थेकडे जाईलच असं नाही, पण पडले म्हणून, भाजलं म्हणून, दवाखान्यात कधी ना कधी येतेच. तर तिथल्याच परिचारिकांना आणि डॉक्टरांना विचारायला शिकवायचं. एखादी चुकून फिनेल प्यायले असं सांगते. चुकून कसं पितात, हे परिचारिकेला कळतं, पण आत्महत्येचा प्रयत्न म्हणून पोलिस केस होईल या भीतीने तेव्हा सगळेच 'चुकून' लिहायचे. दिलासातली समुपदेशक त्या खाटेपाशी जाते. पुढच्या वेळी तो हात उगारील तेव्हा काय करायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, शेजारी कुणाला सांगून ठेवायचं, हे ती तिच्याबरोबर बसून ठरवते. घरी जाणं धोक्याचं असेल तर काही काळ रुग्णालयातच ठेवून घ्यायची सोय पाहतात. आणि एक वाक्य तिला सांगितलं जातं की यात तुझा दोष नाही. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली.

इडा बाउअर नाझींच्या काळात ऑस्ट्रिया सोडून बाहेर पडली आणि १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारली. मी कॉलेजात शिकवत असताना दरवर्षी तिची केस वाचायला द्यायचे आणि मुलींना विचारायचे, तू फ्रॉइडच्या जागी असतीस तर पहिला प्रश्न काय विचारला असतास? एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, मी तिला आधी तिचं नाव विचारलं असतं.

मी इथे थांबते. प्रश्न असतील तर घेऊ. माईक मागे पाठवा, मागच्यांचा आवाज येत नाहीये.